टाचेखालची पाचर आणि गुडघ्यावरचा पट्टा

मित्रांनो, केस कापणाऱ्या एका कारागिराच्या डाव्या बुटात, टाचेखाली दडलेली मी कॉर्कची जुनी पाचर. बाहेरच्या कडेला जाड, आतल्या कडेला पातळ, वरून चामड्याचे अस्तर. दिसायला मी फारशी बरी नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझे मालक दिवसभर उभे राहून काम करतात. त्यांच्या डाव्या गुडघ्याची आतली बाजू झिजली होती आणि चालताना शरीराचा भार नेमका तिथेच पडत होता. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला घासून आकार दिला. "काका, हिने झीज भरून येणार नाही," त्या म्हणाल्या. "ही टाच बाहेरून जराशी उचलेल, आतला भार थोडा हलका होईल. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. बघू या." मालकांना गुण आला. दर सुट्टीला ते मला बाहेर काढून दाढीच्या ब्रशने झटकत. दोन वर्षे मी सुखात होते.

मग गुडघ्यावर पट्टा आला. निळा, गुबगुबीत, पँटवरून दिमाखात बांधलेला. गिऱ्हाइकाची पहिली नजर त्याच्यावर! "वा, हे बेस्ट काम केलंत!" आणि मालक खुशीत म्हणत, "याच्यामुळेच तर उभा आहे." माझा नुसता जळफळाट होई. टाचेखाली चिरडून घ्यायचे मी आणि मिरवायचे याने!

एका सुट्टीला मालकांनी पट्टा हाताने धुतला, सावलीत वाळवला. मला मात्र घाईघाईत झटकले आणि बुटात उलटी कोंबली. चामडे खाली, कॉर्क वर. माझी जाड कड आता आतल्या बाजूला आली. भार हलका करण्याऐवजी मी तो दुखऱ्या बाजूलाच ढकलू लागले.

खरे सांगू? मला आनंद झाला. चार दिवसांत गुडघा सुजला. मालकांनी पट्टा आवळला, सैल केला, शेवटी त्याला शिव्या घातल्या. मी बुटात खूश होते.

सहाव्या दिवशी दुपारी ते कात्री ठेवून स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. डबा घेऊन आलेल्या मालकीणबाईंना म्हणाले, "अगं, आता नाही जमत. दुकान बंद करतो."

"अहो, घरी बसून करणार काय तुम्ही?"

"काय करणार? भिंतीकडे बघत बसेन."

हे ऐकताच माझा आनंद कुठल्या कुठे गेला. ओरडून सांगावेसे वाटले, बूट काढा, मला सुलटी करा! पण मला तोंड कुठे आहे?

मालकीणबाईंनी त्यांना तसेच डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी बुटातून मला काढले आणि कपाळाला हात लावला. "काका, पाचर उलटी घातलीत की हो!"

मालक ओशाळले. "पट्ट्याला उगाच बोललो," एवढेच म्हणाले. बघा! वाईट वाटले तेही पट्ट्याबद्दल.

बाईंनी पेनने माझ्या चामड्यावर ठळक लिहिले, 'ही बाजू वर'. हळूहळू सूज उतरली आणि दुकान चालू राहिले.

मित्रांनो, झाकलेल्या वस्तूंचीही अधूनमधून विचारपूस करा. पट्ट्याचा हेवा मला आजही वाटतो, लपवत नाही. पण माझ्या मालकांना दुखत असताना मी हसले, याची लाज त्या हेव्याहून मोठी आहे.

आता सुट्टीच्या दिवशी मालक चष्मा लावून माझ्यावरची अक्षरे वाचतात आणि मगच मला बुटात ठेवतात. पट्ट्यावर वाचण्यासारखे काहीही लिहिलेले नाही.