वापराचे तास

तिने माऊसखाली ठमीच्या दुपट्याची घडी सरकवली आणि बटण दाबलं, झोपलेल्या माणसाच्या गालावरचा केस उचलावा इतक्या हलक्या हाताने. आवाज झाला नाही. पडद्यावरची आणखी एक चौकट तांबडी झाली.

एक चौकट म्हणजे गालिच्यातली एक गाठ. ठमी व्हायच्या आधी नऊ वर्षं ती कारखान्यात बसून हेच करायची, गालिच्यांच्या नक्ष्या अशा चौकटीचौकटींत उतरवायची. आता कारखान्याच्या मास्तरांनी घरी करायला म्हणून एक काम दिलं होतं, पहिलंच. काठाची वेल. सरळ काठ कोणीही काढेल, पण वेल कोपऱ्यावर वळवायची म्हणजे खरी कसोटी. पान तुटता कामा नये, देठ मुरगळता कामा नये, आणि वळण आलं कधी नि गेलं कधी ते बघणाऱ्याला कळता कामा नये. एक कोपरा जमला की उरलेले तीन त्याच्याच उलटसुलट नकला. शनिवारी नक्षी मागावर चढणार होती. जमली तर दर महिन्याला घरबसल्या काम. नाही जमली तर मास्तरांनी दुसरा माणूस बघून ठेवला होता आणि तसं स्पष्ट सांगितलंही होतं. मास्तर आडपडदा ठेवणाऱ्यातले नव्हते. आज गुरुवार.

ठमी एक वाजून दहा मिनिटांनी झोपायची आणि पावणेतीनला उठायची. दिवसातला तेवढा एक तुकडा आईचा. त्यात ती जेवायचीसुद्धा नाही. ताट झाकून ठेवायची आणि मग ठमीला कडेवर घेऊन उभ्याउभ्या चार घास ढकलायची. सतरा महिन्यांत तिला या घराच्या सगळ्या आवाजांचा हिशेब पाठ झाला होता. कुकरची शिट्टी ठमीला चालते. दाराची कडी चालत नाही. रस्त्यावरचा हॉर्न चालतो, माऊसची टिकटिक नाही.

देठ वळला. तीन पानं वळली. चौथ्या पानाच्या टोकाशी ती पोचली आणि पडदा निळा झाला.

पांढऱ्या ठिपक्यांचं रिंगण फिरायला लागलं. खाली एक ओळ आली. अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

ती जागची हलली नाही. ओरडायची तर सोयच नव्हती. तिने दुपट्याचं टोक मुठीत धरलं आणि आकडे बघत बसली. चार टक्के. नऊ टक्के. अकरावर बराच वेळ. पलीकडे ठमी झोपेत ओठ चोखत होती.

हे तिसऱ्यांदा. नक्षीचा प्रोग्राम जुना होता, आपणहून काही जपून ठेवायचा नाही. हाताने सेव्ह करावं तर कॉम्प्युटरचा डबा असा घरघरायचा की ठमी दचकून उठायची आणि उरलेली दुपार संपायची. म्हणून ती शेवटी, ठमीची चुळबुळ सुरू झाली की, एकदाच सेव्ह करायची.

पहिल्या वेळी नवरा म्हणाला होता, "मधूनमधून सेव्ह करायचं ना गं." दुसऱ्या वेळी तिचा आवाज जरा चढला, तेव्हा तो रविवारी कॉम्प्युटरसमोर बसला, दहा मिनिटं खुडबुड केली आणि हात झटकत उठला.

"केलं बंद. आता तुझ्या वाटेला जाणार नाही ते."

"नक्की?"

"अगं, नक्की. चहा टाक."

तिने चहा टाकला होता. डब्याच्या तळाशी लपवून ठेवलेली त्याच्या आवडीची बिस्किटंही काढली होती. आता अकरा टक्क्यांकडे बघताना तिला नेमकी ती बिस्किटं आठवली.

तळमजल्यावर मिक्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत काहीही उघडून बसणारा एक दुरुस्तीवाला होता. त्याच्या ओठांत कायम दोनचार स्क्रू धरलेले असत, म्हणून सगळी इमारत त्याला स्क्रूमामा म्हणायची. ठमी उठल्यावर तिला काखोटीला मारून ती खाली गेली आणि मामांना वर घेऊनच आली.

"नवऱ्याने रविवारी बंद केलं होतं हो, मामा. तरी आलं. हे मशीनच खोटारडं आहे."

मामांनी ओठांतले स्क्रू काढून खिशात टाकले. "मशीनला खोटं बोलायला अजून कोणी शिकवलं नाही, ताई. बघू."

ते खुर्चीत बसले नाहीत. वाकूनच त्यांनी दोनतीन ठिकाणी बोट फिरवल्यासारखा माऊस फिरवला आणि खालचं दुपटं बघून विचारलं, "हे काय?"

"आवाज होऊ नये म्हणून."

मामांनी ठमीकडे पाहिलं, मान हलवली आणि तेही हलक्या हाताने बटण दाबायला लागले, ठमी टक्क जागी असूनही.

"बंद नाही केलेलं. चालूच आहे."

"मग रविवारी काय केलं?"

"वेळ बांधून दिली. हे बघा. हे तुम्हाला विचारतं, बाबांनो, तुमच्याकडे कॉम्प्युटर वापरात कधी असतो? सांगाल तेवढे तास ते गप्प बसतं. उरलेल्या वेळात आपलं काम उरकतं, मध्ये कोण बसलंय ते बघत नाही. बरं, चोवीस तास मागाल तर देत नाही. जास्तीत जास्त अठरा. सहा सोडावेच लागतात." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुमच्याकडे भरलंय संध्याकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा."

"म्हणजे बारा ते सहा?"

"बारा ते सहा तुमच्या घरात कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही." मामा हसले. "लोक सहसा रात्रीचे तास सोडतात. झोपेत काय व्हायचं ते होऊ दे. तुमच्याकडे रात्री कोण बसतं एवढं?"

रात्री कोणी बसत नव्हतं. रात्री नवऱ्याचे सिनेमे उतरायचे. झोपायच्या आधी तो एखादा लावून ठेवायचा आणि सकाळी दात घासता घासता डोकावून बघायचा, पोचला का म्हणून.

ठमीने मामांच्या खिशातल्या स्क्रूंकडे झेप घेतली. तिने तो चिमुकला हात धरला आणि धरूनच ठेवला.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"पुरतं बंद करून देऊ? दोन मिनिटांचं काम. फक्त महिन्यातून एकदा आठवणीने स्वतः अपडेट करायचं, तुमच्या सवडीने. अगदीच टाळायचं नाही."

ती हो म्हणणारच होती.

"नको मामा. राहू दे आहे तसंच."

"अहो, त्यासाठीच बोलावलंत ना मला?"

"हो. पण कळलं ते बरं झालं."

मामांनी खांदे उडवले, स्क्रू पुन्हा ओठांत धरले आणि ठमीच्या गालाला चिमटा काढून जिना उतरून गेले.

नवरा साडेसहाला आला. दाराशीच स्टुलावर बसून बूट काढायला लागला. ती ठमीला घेऊन समोर उभी राहिली.

"रविवारी तू अपडेट बंद केलं नव्हतंस."

"केलं की."

"नुसती वेळ बदललीस. आज परत सगळं गेलं माझं."

"अरेरे." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अगं, पुरतं बंद करणं बरं नसतं, कुठून काय शिरेल सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, कोणी नसताना होऊन जाऊ दे. सकाळी मला मेल बघायचे असतात, संध्याकाळी मी बसतो, रात्री डाउनलोड चालू असतं." नाडीची गाठ बसली होती, ती सोडवत तो म्हणाला, "दुपारी तर कोणीच नसतं."

गाठ सुटली. त्याने बूट काढून कोपऱ्यात ठेवला, जोडीने, नीट. रिकाम्या खोलीतला दिवा मालवावा इतक्या सहज तो ते वाक्य बोलून गेला होता. तो आता जीभ चावेल म्हणून ती थांबली. मंगळवारी तिने त्याला सरळ काठाची वेल दाखवली होती. "मस्त आहे गं," तो म्हणाला होता, "कधी केलीस?" आणि ती म्हणाली होती, "दुपारी."

त्याने वर पाहिलं.

"चहा आहे?"

"पातेल्यात आहे. आधी हिला घे."

"अगं, मला जरा दोन मेल..."

"घे."

ठमी बापाच्या अंगावर गेली आणि तिने लगेच त्याच्या चष्म्याचा ताबा घेतला. मोकळ्या हातांनी आई कॉम्प्युटरपाशी गेली, खुर्चीवरचा त्याचा टॉवेल उचलून दारामागे अडकवला आणि बसली. माऊसखालचं दुपटं काढून तिने मागे न बघताच त्याच्या दिशेला धरलं.

"हे खांद्यावर टाक. दात येताहेत तिला, शर्ट भिजेल."

"तू आत्ता बसणार? या वेळी?"

"याच वेळी बसायला हवं. तूच लिहून दिलंयस, या वेळी कॉम्प्युटर वापरात असतो."

तो हसला. मग त्याला दिसलं की आपण एकटेच हसतोय, आणि तो थांबला.

"किती वेळ लागेल?"

"उद्या दुपारी बारापर्यंत तरी काही धोका नाही."

तो दुपटं खांद्यावर टाकून ठमीला फिरवायला लागला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला. हिचा चमचा कुठला? दूध किती गरम करायचं? ही का रडतेय?

"तिला विचार," ती म्हणाली. "तिला सगळं माहीत आहे."

तिने पहिल्या चौकटीवर बटण दाबलं. टिक. घरभर ऐकू गेलं. किती दिवसांनी ती बटण पूर्ण दाबत होती. बोटाला ते जरा परकंच वाटलं. टिक, टिक, टिक. देठ वळला. पहिलं पान दुपारच्यापेक्षा सरस आलं, दुसरं तिने खोडून परत काढलं. साडेसातला ठमी भात चिवडत होती आणि नवरा तिच्यापुढे विमानाचा आवाज काढत होता. चौथ्या पानाचं टोक कोपरा ओलांडून पलीकडे उतरलं. वळण कुठे आलं ते तिचं तिलाही चटकन सापडेना.

तिने सेव्ह केलं. डबा घरघरला. स्वयंपाकघरातलं विमान क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

मग ती पुढच्या ओळीला लागली. एकेक ओळ संपली की ती सेव्ह करत होती. आणि नवरा खुर्चीमागून गेला की, ओळ अर्धी असली तरी, त्याला डबा ऐकू जावा म्हणून.