डोहाळ्याचा पिझ्झा

"वासानं कळे बाई, आंबा पिकला आढीत,
वासानं कळे माया, माझ्या बयेच्या साडीत..."

रखमाची आई, तिची बया, भाकऱ्या थापता थापता ही ओवी म्हणायची. महाडच्या पलीकडची वाडी, पहाटेची चूल आणि धुरातून येणारा तो किंचित घोगरा आवाज. ओवी संपली की तोच आवाज खाली उतरून बोलायला लागे, "तव्याकडं काय बघत बसलीस गो? डोळ्याला भाकर फसवते. नाक लाव. आधी भाजल्याचा वास येतो, मग करपल्याचा. दोन्हीच्या मधी इवलीशी फट हाय. त्या फटीत बाईचा हात गेला पायजे."

रखमाचा हात उभा जन्म त्या फटीत बिनचूक गेला. आधी सासरच्या चुलीवर, मग घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत, स्टोव्हवर. आणि आता या सोसायटीतल्या वरच्या मजल्यावर, जिथल्या खिडकीतून खाली गावाची एकमेकांना चिकटलेली छपरं दिसतात.

साथीच्या वर्षी तिला ताप भरला. उतरलाही. पण जाताना घरातले सगळे वास बोचक्यात बांधून घेऊन गेला. त्यानंतर चहा नुसता गरम नि गोड लागे, मोगरा नुसता पांढरा दिसे आणि फोडणीचा नुसता आवाज येई. येईल परत, येईल परत, म्हणून ती वाट बघत राहिली. वास आला नाही, आणि तिने कुणाला सांगितलंही नाही.

हाताला सगळ्या वाटा पाठ, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मोहरी तडतडायची थांबली की ऐकू येई. लसूण रंगावर आली की दिसे. मीठ-तिखट जिभेला कळतच होतं. दुधाची शंका आली की चमचाभर तापवून बघे. आणि अगदीच अडलं तर मुलाला हाक मारी, "धम्मपाल, जरा वास घेऊन सांग रे, माझे हात भरलेत."

न सांगण्याचं कारण शेजारी राहत होतं. शकुबाई एकदा गॅसवर आमटी ठेवून टीव्हीपुढे बसल्या आणि भांडं जळून कोळसा झालं. त्या दिवसापासून त्यांच्या मुलाने त्यांना शेगडी बंद केली. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. आता शकुबाई दिवसभर सोफ्यावर असत. हातात रिमोट, पुढ्यात झाकलेलं ताट. "आराम हाय बाई मला," असं म्हणत आणि बोटांनी सोफ्याच्या कव्हरवर उगीचच पीठ मळल्यासारखं करत राहत. रखमाला त्या बोटांकडे बघवत नसे.

आता तर घरात पाळणा हलणार होता. सुनेला, अस्मिताला, तिसरा महिना लागला होता. "पाळणाघर वगैरे काय नको," ती धम्मपालला सांगत होती, "आई आहेत ना. माझी रजा संपली की बाळ त्यांच्या हातात आणि मी ऑफिसात. नो टेन्शन." भिंतीपलीकडून ते ऐकून रखमाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि लगेच, भरलेल्या घागरीला तडा दिसावा तसं तिला आपलं नाक आठवलं. गॅस राहिला तर? दूध करपलं तर? आणि हे सगळं सोडाच, बाळाच्या टाळूला तेल घालून तिथे नाक टेकवायचं, ते?

एकाच घरात दोन नाकांची ही तऱ्हा. सासूचं मेलेलं, सुनेचं नको तेवढं जागं. अस्मिताला लिफ्टमधून उतरून गेलेल्या माणसाचं अत्तर दारात छळे. घरातले मासे बंद झाले, फोडणीला खोबरेल चालेना, भाताची वाफ चालेना. पोटात काही ठरत नव्हतं. वजन वाढायचं सोडून कमी होत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे खावंसं वाटेल ते खा, पण खा. आणि तिला तर काहीच खावंसं वाटत नव्हतं.

म्हणून त्या रविवारी सकाळी ती "आई, मला पॅन पिझ्झा खायचाय," असं म्हणाली, तेव्हा रखमाच्या हातातली निवडायची मेथी तशीच राहिली.

"लगेच ऑर्डर मारतो," धम्मपाल बुटात पाय घालता घालता म्हणाला. त्याची रविवारीही रबाळ्याला ड्युटी होती.

"नको! त्या खोक्याचा वास येतो. ओल्या पुठ्ठ्याचा. मागच्या वेळी दार उघडलं आणि मी बाथरूममध्ये."

"मग सीवूड्सच्या मॉलमध्ये जाऊ संध्याकाळी. जिथं आपण लग्नाआधी..."

"मॉलमध्ये दहा अत्तरांची दुकानं आहेत, साहेब."

"मग काय करू? इटलीला जाऊ?"

"मी करते," रखमा म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. धम्मपाल हसला. "आई, तू पिझ्झाला भाकरीचा मोठा भाऊ समजतेस. तुला जमणाराय का ते?"

"तू कामाला जा रे. गरोदर बाईनं तोंड उघडून मागितलं आणि घरातल्यांनी दिलं नाय, असं आमच्यात होत नसतं. तिला डोहाळे लागलेत, तुला नाय."

जाण्याआधी त्याने आईला मदत म्हणून ओट्याखालचं कपाट आवरून दिलं, डबे-बाटल्या पुसून पुन्हा लावल्या, आणि फार मोठं काम केल्यासारखा शिट्टी मारत गेला.

दुपारी सासू-सुना कामाला लागल्या. अस्मिताने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. त्यातली बाई हसत हसत सांगत होती की घरात भट्टी नसली तरी जाड बुडाचं, काठ असलेलं लोखंडी भांडं पुरे.

"म्हणजे आपला घावण्याचा बिडाचा तवा की," रखमा म्हणाली आणि कपाटाच्या तळातून तो काळाकुळकुळीत, खोलगट तवा काढून तिने ओट्यावर ठेवला. माहेरहून आलेला. साबण न लागता इतकी वर्षं तेल प्यायलेला.

कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट पडलं, फेस आला. मैदा भिजला. तो हाताला चिकटला तशी रखमा कुरकुरली, "हे काय पीठ हाय? लहान पोरासारखं अंगाला लोंबतं." पण हात सोडेनात. दोन गोळे करून, एक अस्मिताचा आणि एक धम्मपालचा, तिने ओल्या फडक्याखाली निजवले. टोमॅटो-लसणीचा रस आटवला. फ्रिजच्या दारात जुन्या ऑर्डरींच्या मिरचीच्या आणि ओरेगॅनोच्या पुड्या साठल्या होत्या, त्या कधी नव्हे ते कामाला आल्या.

"अस्मिता," रखमाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या पिझ्झाला वास कसा येतो गो, झाला की?"

अस्मिता खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. तिने डोळे मिटले. "खालून तेलात तळलेल्या पावासारखा. आणि काठाला चीज वितळून तव्याला लागतं ना, ते करपायच्या जरासं आधी... त्याचाच वास मला हवाय, आई. बाकी काय नाय."

करपायच्या जरासं आधी. रखमाच्या कानात बयेचा आवाज हलून गेला. तीच फट. फक्त या पदार्थाची वाट हाताला पाठ नव्हती. भाकरी कधी होते ते तिला झोपेतही कळलं असतं. हे परक्या घरचं पोर होतं, ते कसं रडतं, कसं हसतं, तिला काय ठाऊक.

गोळे फुगून दुप्पट झाले. तव्यात तेल जरा सढळ हाताने घालायचं होतं, म्हणजे बूड तळल्यासारखं कुरकुरीत होतं. रखमा तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन बाटल्यांत ठेवी. सरबताच्या एकसारख्या बाटल्या. डावीकडे पापडाचं, उजवीकडे माशांचं. पूर्वी ती ओळख नाकाची होती, अलीकडे जागेची झाली होती. तिने डावीकडची बाटली उचलली, बूच काढलं, सवयीने नाकाशी नेली, मान हलवली आणि तव्यात ओतली.

पीठ तव्यात बसलं. बोटांनी दाबून तिने ते काठापर्यंत नेलं. वर रस, वर चीज. "अगदी कडेपर्यंत घाला," अस्मिता म्हणाली. झाकण पडलं, आच मंद झाली, आणि रखमा कान देऊन उभी राहिली. तेल आधी कुजबुजलं, मग बोलायला लागलं.

"आई, बोंबलाचा वास येतोय का?"

"बोंबील? आपल्याकडं आता कुठला आलाय बोंबील?"

"मग शेजारून येत असेल." अस्मिताने उठून खिडकी लावली. मग बेडरूममध्ये गेली आणि दार ओढून घेतलं.

तेलाचं बोलणं बारीक झालं तसं रखमाने झाकण उचललं. काय देखणा होता तो! वर सोन्यासारखे फुगे, काठाला तांबूस जाळी, उलथन्याने टकटक केलं तर बूड वाजत होतं. तिने तुकडा कापला आणि अधीर होऊन आत घेऊन गेली. अस्मिताने तो हातात घेतला. चेहरा एकदम उजळला. तिने तो तोंडाजवळ नेला, आणि तुकडा तिथेच टाकून बाथरूमकडे धावली.

परत आली तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होतं. "सॉरी, आई."

"अगो, सॉरी कसलं? काय झालं?"

"मला त्याला बोंबलाचाच वास येतोय. पिझ्झाला! तुम्ही तर तेल वास घेऊन ओतलंत, मी बघत होते. म्हणजे तेल चांगलंच होतं. माझंच नाक खोटं बोलतंय." तिने उशीत तोंड घातलं. "इतका सुंदर झालाय, तुम्ही दिवसभर राबलात, आणि मी... असं असतं का कुणाचं? बाळाच्या पोटात काय जाणार, आई?"

रखमाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती स्वयंपाकघरात आली आणि ती बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी करड्या चुऱ्याचा थर बसला होता, त्यात पातळ, चकाकणारे तुकडे. माशांची बाटली. आवरताना धम्मपालने डावीकडची उजवीकडे केली होती. पोराची काय चूक? बाटली नाकाला लावून मान कुणी हलवली होती?

कुणाला कळणार नव्हतं. तेल मोरीत ओतलं, बाटली धुतली, संपलं. सुनेचं नाक डोहाळ्याने बिघडलं, असं म्हणायला घर मोकळं होतं. सून स्वतःच म्हणत होती.

रखमाने तवा पुसला, मीठ टाकून घासला, पाण्याने धुतला, कोरडा केला. त्याला साबण कधी लागला नव्हता, आज तोही लावला. मग नवी पिशवी फोडून तेल घातलं आणि धम्मपालच्या वाट्याचा गोळा तव्यात घेतला. रस, चीज, अगदी कडेपर्यंत. झाकण. तेल कुजबुजायला लागलं.

"आई?" आतून आवाज आला. "दुसरा लावलात?"

"हो गो. बघ, खाल्लास तर खा."

मग दाराची फट वाढली. "आता नाय येत तो वास. म्हणजे बघा, मघाशी माझ्या मनातच होतं सगळं." अस्मिता ओशाळून हसली. "माझ्या नाकावर आता माझाच भरवसा नाय. बरंय तुम्ही आहात. पुढे बाळाचं दूध नासलंय की चांगलंय, मला कुठं कळणारेय? मी तुम्हालाच विचारणार. तुमच्या नाकावर चालेल आपलं घर."

तेल आता बोलायला लागलं होतं. रखमाने आच आणखी बारीक केली. हात ओले नव्हते, तरी पदराला पुसले. सोफा दिसला तिला, रिमोट दिसला, कव्हरवर फिरणारी बोटं दिसली. आणि दाराच्या फटीत स्वतःच्या खऱ्या नाकाला खोटं म्हणत उभी असलेली ही पोर दिसली.

"अस्मिता, इकडं ये. ही खुर्ची घे, तव्याजवळ बस."

"इथं? का?"

"हा कधी झाला ते तुलाच सांगावं लागंल. तुझं नाक खरं हाय, पोरी. ते बोंबलाचंच तेल होतं. मी बाटली नाकाला लावली ती नुसती सवय." रखमाचा आवाज घोगरा झाला, अगदी बयेसारखा. "मला वास येत नाय. साथीच्या तापापास्नं कसलाच येत नाय."