मान वर, सूनबाई!

अकरा वर्षं तिनं हॉस्पिटलच्या तळघरातून फायली वर वाहिल्या. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं, आता वर खुर्चीत बसून रिपोर्ट टाइप करायचे. टाइपिंगची परीक्षा पास झाली तर खुर्ची, नाही तर पुन्हा तळघर. पण तिचं टाइपिंग म्हणजे दोन बोटांची टकटक. हेडक्लार्कनं सरावाच्या पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, 'कोंबडी'. दाणे टिपते म्हणून. सगळा विभाग खो खो हसला. तीही हसली, पण ते जिव्हारी लागलं होतं.

घरी सासूबाईंनी शिकवणी हातात घेतली. त्यांना टाइपिंगचं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिस्त लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना कीबोर्ड, सुनेच्या हातांवर टॉवेल आणि समोर त्या स्वतः, भाजी निवडत.

"मान वर, सूनबाई!"

"अहो आई, अक्षर सापडत नाहीये."

"बोटांना सापडेल. तू नको शोधूस. पाठीमागची वेणी काय बघून घालतेस?"

चार महिने हेच. दोन्ही तर्जनींखालच्या कळांवर बारीक उंचवटे असतात. ते लागले की बाकीची बोटं आपापल्या जागी बसतात. हे अंगवळणी पडलं आणि टॉवेल पुन्हा ताटं पुसायला गेला.

परीक्षेतला कीबोर्ड म्हणजे नमुनाच होता. अक्षरं पुसलेली, उंचवटेही झिजून गुळगुळीत. हेडक्लार्क मजकूर सांगू लागला, ती टाइप करू लागली, आणि पडद्यावर भलतंच उमटलं.

"थांबा, मशीन बिघडलंय," तो म्हणाला. "आता पुढच्या वर्षी बघू."

पण तिनं ओळ नीट पाहिली. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याच्या शेजारच्या कळेचं अक्षर पडलं होतं.

"मशीन ठणठणीत आहे, साहेब. माझेच हात एक घर उजवीकडे बसलेत. तुम्ही सांगा."

तिनं ओळ पुसली, हात सरकवले, मान वर केली आणि थेट त्याच्याकडे बघत टाइप करत राहिली. तो इरेला पेटून भरभर सांगू लागला. तीही मागे हटली नाही. शेवटी त्यालाच धाप लागली.

कागद छापून आला. चूक शोधत तो मोठ्यानं वाचत गेला. एकही सापडेना. शेवटच्या ओळीवर मात्र अडखळला.

"हे काय?"

"तुम्ही बोललात ते."

ओळ होती, 'बास कोंबडी, वेळ संपली.'

विभाग पुन्हा खो खो हसला, या वेळी त्याला. त्याचे कान लाल झाले. ती ओळ खोडायला त्यानं पेन काढलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "अक्षर न् अक्षर बरोबर आहे."

त्यानं खाली 'पास' लिहिलं. "उद्यापासून वर बसा, बाई."

संध्याकाळी सासूबाईंनी चष्मा लावून कागदाची प्रत पहिल्यापासून वाचली.

"अगं, ही कोंबडी कोण?"

"मी होते," ती म्हणाली. "आज दुपारपर्यंत."