एकसष्ट नंबरचं बाळसं

एकसष्ट नंबरची डिश पाहून सगळे खूश होते. एकट्या ताईच्या कपाळावर आठी होती.

प्रयोगशाळेत तिला 'शंकाताई' म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे राग धरायचीही सोय नव्हती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर त्यांचं काम चाले. वर ऑपरेशनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ काढली की तिचा वाटाण्याएवढा तुकडा बर्फात ठेवलेल्या डबीतून खाली येई. ताई तो बारीक कापायची, पेशी सुट्या करायची आणि जेलच्या थेंबांत ठेवून वर पोषकद्रव घालायची. जमलं तर काही आठवड्यांत खसखशीहून बारीक गोळे दिसू लागत. रुग्णाच्या गाठीची ती छोटी प्रतिकृती. मग त्या गोळ्यांवर औषधं घालून बघायची आणि ते कशाने मरतात हे वरच्या डॉक्टरीणबाईंना कळवायचं.

जमलं तर. फुप्फुसाच्या गाठी मोठ्या मानी. शरीरात माजतात आणि डिशमध्ये आणल्या की रुसून बसतात. एकसष्टही रुसलीच होती. ताई दहा दिवसांच्या रजेवर गेली तेव्हा एकेका थेंबात मोजून चार-पाच गोळे होते. परतली तर थेंब गच्च भरलेले.

मधल्या दिवसांत डिश 'तुरंत'कडे होती. तुरंत म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. काहीही सांगा, "तुरंत करतो" म्हणणार, आणि करणारही. त्याची स्वतःची अठ्ठावन्न नंबरची डिश महिनाभर नुसती फोफावत होती.

"काय जादू केलीस रे?" ताईने विचारलं.

"हाताला गुण आहे, शंकाताई. तुम्ही आणखी दहा दिवस जा, बासष्टही वाढवून ठेवतो."

ती हसली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. अठ्ठावन्नच्या ड्रॉपरने एकसष्टला द्रव घातला असेल तर? एक थेंब पुरतो. दांडगी पेशी दुबळीला खाऊन टाकते, आणि झाकणावर नंबर मात्र जुनाच राहतो.

सोमवारी एक बाई खाली आल्या. एकसष्टच्या रुग्णाची बायको. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आता चमचा धरतानाही हात कापत होता. संमतीच्या कागदावरची राहिलेली सही घेऊन त्या आल्या होत्या, पण कागद काही हातातून सोडेनात.

"ह्यांची गाठ तुम्ही इथे वाढवता म्हणे?"

"हो, म्हणजे तिच्यावर औषधं तपासतो."

"कशी आहे?"

असा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. "चांगली वाढतेय," ताई म्हणून गेली.

"वा! आमचा माणूस वर खंगतोय, आणि त्याची गाठ इथे बाळसं धरतेय! कुणाच्या बाजूचे हो तुम्ही?" बाईंनी कागद टेबलावर ठेवला. "शुक्रवारी डॉक्टरीणबाई ठरवणार आहेत. गोळी की सलाइनमधून द्यायचं ते जबरी औषध. म्हणाल्या, खालून रिपोर्ट आलाय, गोळीचा उपयोग दिसत नाही. आणि ते दुसरं ह्यांना सोसेल असं मला वाटत नाही."

बाई गेल्या, पण 'बाळसं' मागे राहिलं.

रिपोर्ट तुरंतनेच पाठवला होता. त्या रुग्णाच्या गाठीत एका जनुकाचा बिघाड होता. गोळी फक्त तो बिघाड असलेल्या पेशींना मारते, तीही दरवेळी नाही, म्हणून तर तपासणी. एकसष्टच्या गोळ्यांना गोळीने काही झालं नव्हतं. जबरी औषधाने ते पटापट मेले होते. सरळ उत्तर. आणि ते गोळे दुसऱ्याच कुणाचे असतील तर सरळ उत्तराने माणूस जाणार.

ताईने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना शंका बोलून दाखवली. सर म्हणाले, "पुन्हा शंका? अहो, एकदा तरी काही नीट वाढलं म्हणून पेढे मागायचे सोडून—"

ताईने वाद घातला नाही. कुणाला न सांगता तिने एकसष्टमधला एक थेंब, अठ्ठावन्नमधला एक आणि रुग्णाच्या रक्ताची जपून ठेवलेली कुपी असं सगळं जनुकीय ठशांच्या तपासणीला पाठवलं. प्रत्येक माणसाचा ठसा वेगळा. घोटाळा असेल तर तिथे लपत नाही. दोन दिवस ती तुरंतच्या हाताकडे बघत राहिली. ड्रॉपर बदलतो का, झाकण कुठे ठेवतो. त्याच्याही ते लक्षात आलं.

बुधवारी निकालाचं पाकीट त्याच्याच हाती पडलं.

"माझ्या पाठीमागे माझी चौकशी?" तो मोठ्याने बोलला नाही, हेच वाईट. "विचारलं असतं तर मीच पाठवलं असतं. तुरंत."

ताईने कागद वाचला. एकसष्ट आणि रुग्णाचं रक्त, ठसा तंतोतंत एक. अठ्ठावन्नचा मागमूस नाही. तिचं तोंड उतरलं.

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता तरी समाधान झालं ना?"

समाधान व्हायला हवं होतं. तोंड लपवायला म्हणून ती सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसली. एकसष्टची डिश ठेवली आणि, आजवर कधी केलं नव्हतं ते, नुसती बघत राहिली. रोज मोजणी असे. आज मोजायचं काही नव्हतं.

एक गोळा हलला.

तिला वाटलं टेबलाला धक्का लागला. पण गोळा हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. शेजारचाही. तिने भिंग वाढवलं. गोळ्याच्या आत बारीक केसांची झालर लयीत हलत होती. श्वासनळीतल्या पेशींना असे केस असतात, धूळ आणि कफ वर लोटायला. निरोगी पेशींना. कर्करोगाच्या पेशी असली घरकामं कधीच सोडून देतात.

"इकडे ये," ती म्हणाली. "रागावून ये, पण ये."

तुरंतने बराच वेळ डोळा लावला. "माणूस तोच," तो शेवटी म्हणाला, "पण ही गाठ नाही."

"निरोगी पेशींनी गाठीला गिळलं. पण इतक्या आल्या कुठून?"

तिने नोंदवही उघडली. एकसष्टचं पान. तुकडा कापला त्या दिवशीचं, तिच्याच टपोऱ्या अक्षरातलं: 'मधला भाग मऊ, मृत वाटतो. कडेचा घेतला. छान गुलाबी.'

गाठ पांढुरकी असते, हाताला खरखरीत. गुलाबी असतं ते फुप्फुस. हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं, आणि तरी जिवंत दिसतंय ते घ्यायची सवय हाताला लागली होती. इतके दिवस तिने जगावर संशय घेतला, या पानावर तेवढा घेतला नाही.

"अक्षर सुरेख आहे," तुरंत म्हणाला. टोमणा होता, पण पहिल्यासारखा.

गुरुवारी सकाळी दोघांनी मिळून गोळ्यांत त्या जनुकाचा बिघाड शोधला. दुपारी उत्तर आलं: नाही. गोळीने ते मरणारच नव्हते. तिथे मारण्यासारखं काही नव्हतंच. सर म्हणाले, "रिपोर्ट मागे घ्या. चूक कुणाची लिहायची?"

"माझी. पान क्रमांकासकट."

तिने स्वतः वर फोन केला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, मधे एकदा "अरे देवा" म्हणाल्या. "म्हणजे गोळी निकामी आहे असं कुणीच सिद्ध केलेलं नाही. मग उद्यापासून गोळीच देते. तुमचे गोळे सांगत होते म्हणून मी थांबले होते." फोन ठेवताना म्हणाल्या, "त्यांच्या बायकोला तुम्हीच सांगा."

बाई संध्याकाळी आल्या. ताईने काही न लपवता सांगितलं.

"म्हणजे तुमच्या चुकीने ह्यांना ते जबरी औषध लागलं असतं."

"हो."

"आणि आज सांगताय ते खरं कशावरून?"

ताईने खुर्ची मागे सारली आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे वळवला. बाईंनी पदर सावरला, वाकल्या, आधी चुकीचा डोळा लावला, मग बरोबर.

"फिरतंय हो काहीतरी."

"त्यांची श्वासनळी आहे. निरोगी."

बाई बघतच राहिल्या. "घड्याळासारखं चालतंय," त्या पुटपुटल्या. मग ताठ झाल्या. "गोळी कामाला येईल?"

"माहीत नाही. मृत समजून बाजूला ठेवलेल्या गाठीच्या मधल्या भागाची एक कुपी फ्रीजरमध्ये आहे. तिच्यात काही पेशी जिवंत निघाल्या, त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात केलीय."

"या वेळी नीट बघाल?"

"मी बघेन," ताई म्हणाली. शेजारच्या टेबलावरून तुरंतने मान वर केली. "आणि माझ्याकडे हा बघेल."