आयता खंदक

निजामाच्या सरहद्दीवरचे बुरूज, नाके, चौक्या धुंडाळायचा मला नाद आहे. आष्टीकडच्या एका माळावर अठ्ठेचाळीस साली त्याच्या फौजेने दगडी खंदक बांधला होता, वर फरश्यांचं छत. नगर हद्दीतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीतून चोरून घरी येणारा हरिबा त्यातच कोंडून मारला गेला. त्याची बहीण सुंदरबाई माझी शेजारीण. दर भाऊबिजेला ती खंदकात उतरून भिंतीला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. ही म्हणायची, "मी कावून चंद्राला ओवाळू? माजा भाऊ हाय की हितं."

गुडघ्यांमुळे तिची दोन वर्षं चुकली. यंदा मी तिला जीपने नेलं.

माळावर ढाबा उभा! छपरावर डिश अँटेना, भिंतीवर कोल्ड्रिंकची लालभडक जाहिरात. मालक बबनराव, हरिबाचाच मुलगा. दारात संगमरवरी पाटी, 'हुतात्मा हरिबा स्मारक'. दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, हा पाटीला हार घालतो आणि गळा काढून भाषण ठोकतो.

आम्ही मागे गेलो. खंदकाची एक फरशी सरकवून संडासाचा पाइप थेट आत सोडला होता. मी वाकलो आणि नाक दाबून मागे सरलो. आत काठोकाठ मैला, वर माशांचं मोहोळ. वरून कीर्तन, आतून तमाशा!

बबनराव ढेकर देत आला.

"आत्या, हितं घाणीत कशाला आलीस? पुढं पाटीला ओवाळ की."

"बापाच्या अंगावर लोकं हागायला बसवलास व्हय रं?"

"आता काय सांगावं! ह्या खडकात खड्डा खणायचा म्हंजी लई ताप. ह्यो आयताच घावला."

वर हसला. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. कोडग्याला काही नाही. उलट त्याने टोपी नीट केली अन् आत्यापुढे कपाळ केलं. "आबाच्या जागी मीच न्हाई का? मला ओवाळ."

सुंदरबाईने तबक पदराखाली झाकलं आणि लंगडत रस्त्यापलीकडे गेली. दिवस मावळला होता. नगरच्या अंगाला बिजेची कोर दिसत होती. तिने निरांजन लावलं आणि चंद्राला ओवाळलं.

"चला मास्तर," ती म्हणाली. "आता मला भाऊ न्हाई."