सोमवारपर्यंत थांबू

मधुसूदन गेल्यावर शामलाने त्याचा फोन बंद केला नाही, त्याचं कारण प्रेम नव्हतं. गॅसचा नंबर त्याच्या फोनवरूनच लागायचा, विजेचे मेसेज त्याच्यावरच यायचे, आणि नंबर बदलायचा म्हणजे तीन दफ्तरांत अर्ज घेऊन उभं राहायचं. म्हणून ती तो फोन चार्ज करून फ्रिजवर ठेवत असे. दिवसातून एकदा बघायचा आणि परत ठेवून द्यायचा, एवढंच.

उत्तरेतल्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, किला गेटमागच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर. शामला सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवायची, रिटायर व्हायला दोन वर्षं होती. मधुसूदन पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुलांचे आणि शाळांचे नकाशे काढले, अक्षर छापल्यासारखं, बोलणं मात्र मोजकं. जानेवारीत एका सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. दहावा, तेरावा झाला. शामला रडली नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय. खरं तर नवरा-बायकोत बोलायचं असं काही आठ वर्षांत उरलंच नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, त्यांची एकुलती एक अवंतिका डेंग्यूने गेली. सोळा वर्षांची होती. शुक्रवारी ताप आला, सोमवारी रक्त तपासलं, मंगळवारी दिवस उजाडायच्या आत संपलं. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना शामला सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यांनी सोमवार सोमवार केलं म्हणून माझी पोर गेली." मधुसूदन दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि काहीच बोलला नाही. जो बोलत नाही त्याची चूक असते, असं तिथे बसलेल्या सगळ्यांनीच धरून घेतलं. त्याची मोठी बहीण मंदाताई तर त्या दिवसापासून भावाच्या घरी यायचीच बंद झाली.

आणि वर ते गाणं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन गायकाचं, रॉक अँड रोल का काय म्हणतात ते. पियानो कुटल्यासारखा वाजायचा आणि गाणारा पायाखाली निखारे असल्यासारखा ओरडायचा. मधुसूदनने ते लहानपणी कुणाच्या तरी रेडिओवर ऐकलं होतं. अवंतिका तेरा-चौदा वर्षांची असताना तिने ते फोनवर शोधून दिलं आणि मग दर रविवारी सकाळी बापलेक स्वयंपाकघरात नाचायचे. पन्नाशीचा, पोट सुटलेला बाप, हातात झारा. शामला ओरडायची, "अहो, पोहे जळतायत!" पण हसायचीही.

मुलगी गेल्यावर महिन्याभराने मधुसूदन दुपारी जिन्यात बसून कानात हेडफोन घालून तेच गाणं ऐकताना तिला दिसला. तिने वायर धरून खेचली. "पोर गेली आणि तुम्हाला गाणी सुचतात?" त्याने हेडफोन गुंडाळून खिशात टाकला. त्यानंतर तो घरात कधी गाणं ऐकताना दिसला नाही. रोज संध्याकाळी तासभर बाहेर जायचा, कुठे ते तिने विचारलं नाही. घरात "वाढलंय", "दूध संपलं", "लाइट गेली", एवढंच बोलणं राहिलं.

मार्चच्या आठ तारखेला दुपारी, शाळेतून येऊन ती पाणी पीत होती, तेव्हा फ्रिजवरचा फोन वाजला. गॅसचा असेल म्हणून तिने बघितलं. तुमच्या कमेंटला उत्तर आलंय, असं काहीतरी होतं. तिने बोट लावलं, आणि ते गाणं सुरू झालं. दचकून तिने आवाज बंद केला. खाली इंग्रजीतली अक्षरं होती आणि त्यांच्याखाली हिंदीत करून वाचायची सोय. तिने ते दाबलं.

लिहिणारी कुणी डोरीन होती. लिहिलं होतं, "मॅडी, उद्या तुझ्या मुलीचा वाढदिवस. पंचवीस वर्षांची झाली असती. या वर्षी तू अजून आला नाहीस. तब्येत बरी आहे ना? शामला बोलायला लागली का?"

कुठल्या देशातली कोण ती बाई, आणि तिला आपलं नाव माहीत. शामला उभी होती ती खुर्चीवर बसली.

ती वर सरकत गेली. गाण्याखाली हजारो लोकांनी लिहून ठेवलं होतं. कुणी ब्राझीलचा ट्रक ड्रायव्हर, रस्ता संपत नाही तेव्हा हेच लावतो म्हणणारा. कुणाच्या आईबापांनी लग्नात यावर नाच केलेला. आजकालच्या गाण्यांना जीव नाही म्हणून भांडणारे, या वर्षी कोण कोण ऐकतंय म्हणून विचारणारे. आणि मधेमधे, दर मार्चच्या नऊला आणि सप्टेंबरच्या तेराला, मॅडी या नावाने मधुसूदन. "आज ती अठरा वर्षांची झाली असती." "आज एकोणीस." "ती डावा पाय आधी टाकायची, नेहमी चुकायची." "काल तिच्या वर्गातल्या मुलीचं लग्न झालं. मी बाहेरूनच परत आलो." त्याच्या प्रत्येक वाक्याखाली अनोळखी माणसं येऊन बसलेली. पीटर म्हणून एक जण, त्याचा मुलगा समुद्रात बुडालेला. डोरीन, तिचा नातू गेलेला. कुणी नागपूरची मुलगी, जिने फक्त "काका" एवढंच लिहिलं होतं.

ज्या माणसाने घरात आसू ढाळला नाही, तो इथे रडत होता. आठ वर्षं. आणि आपल्याला वाटत राहिलं, हा दगड आहे.

दुसऱ्या दिवशी, वाढदिवसाच्या सकाळी, तिने तिला जमेल तसल्या इंग्रजीत लिहिलं की मधुसूदन अकरा जानेवारीला गेले, मी त्यांची बायको. अर्ध्या तासात डोरीनचं उत्तर आलं. "म्हणजे तू शामला. त्याने तुझ्याबद्दल कधी वाईट लिहिलं नाही. तू कणीक मळताना गुणगुणायचीस, ते ऐकायला मिळत नाही एवढीच त्याची तक्रार होती." मग पीटरचं आलं, मग ट्रकवाल्याचं, मग कितीतरी जणांचं. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून ते वाचायची. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी अवंतिकाबद्दल बोलत होतं, आणि तिला बरं वाटत होतं.

तिथेच तिने थांबायला हवं होतं. पण बुधवारी ती आणखी मागे गेली, २०१८ पर्यंत. तिथे पीटरने विचारलं होतं, "तू स्वतःला दोष देतोस का?" आणि मधुसूदनने उत्तर लिहिलं होतं. फोनने त्याची हिंदी केली होती, मोडकीतोडकी.

"मेरी पत्नी ने शुक्रवार को कहा, सोमवार तक रुकते हैं." पुढे असं होतं की ती शाळेत शिकवते, रोज तापलेली मुलं बघते, म्हणून मला पटलं आणि मीही थांबलो. आता तिला वाटतं की मीच थांबवलं. ती खोटं बोलत नाही, तिला खरंच तसं आठवतं. मी तिला आठवण करून देणार नाही. त्या समजाच्या आधाराने तिला उभं राहता येत असेल तर राहू दे.

शामलाने फोन उलटा ठेवला. खोटारडा, असं तिच्या तोंडातून निघालं. आणि तिला ती शुक्रवारची संध्याकाळ दिसायला लागली. अंगात शाळेचीच साडी. अवंतिकाच्या कपाळावर तिचा हात. आणि तिचाच आवाज, बाईंचा, वर्गातला: "वायरल आहे हो, माझ्या वर्गात आठ जणांना झालंय. उगीच दवाखान्यात नेऊन सुया टोचायच्या. सोमवारपर्यंत थांबू." मधुसूदन दारात उभा होता. त्याच्या हातात स्कूटरची किल्ली होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि किल्ली परत खिळ्याला अडकवली.

किल्ली अडकवल्याचा आवाजसुद्धा तिला ऐकू आला. एवढी वर्षं हा आवाज कुठे होता?

दोन दिवस ती शाळेत गेली नाही. शनिवारी तिने भावाच्या मुलीला, गरिमाला, बोलावून घेतलं. गरिमा टोपी बाजारात एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, फोनमधलं सगळं तिला यायचं.

"हे सगळं कागदावर काढून दे मला," शामला म्हणाली. "मंदाताईंना दाखवायचंय."

"हो आत्या, स्क्रीनशॉट घेते, फिर प्रिंट निकाल लेंगे." गरिमाने फोन घेतला. जरा वेळ बोटं चालवली, मग कपाळाला आठी पडली. "आत्या, वीडियोच नाहीये."

"म्हणजे?"

"हटा दिया. कुठल्या तरी कंपनीने म्हटलंय की गाणं आमचं आहे, म्हणून काढून टाकलं. काल-परवाच गेलं असणार."

"गाणं जाऊ दे. खाली लिहिलेलं दे."

गरिमाने तिच्याकडे बघितलं. "वीडियो गेला की कमेंट्स पण जातात, आत्या. सगळंच जातं."

तिने सगळीकडे शोधलं. मधुसूदनच्या खात्यात, जुन्या नोंदींमध्ये, मेलमध्ये. तासभर खटपट केली. डोरीनचं एक अर्धवट वाक्य मेलच्या एका ओळीत सापडलं, बाकी काही नाही. शामला बघत होती. आणि मधेच एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला सुटल्यासारखं वाटलं. आता ते कुणीच वाचणार नाही. मग तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

रविवारी ती मंदाताईंकडे गेली. त्या गोरखी भागात मुलाकडे राहत होत्या, पंच्याहत्तरीच्या झाल्या होत्या, गुडघ्यांमुळे खाटेवरच असायच्या. सून चहा ठेवून गेली. शामलाने कप हातात घेतला नाही. तिने सरळ सांगितलं, पहिल्यापासून, शुक्रवार, वर्गातली आठ मुलं, स्कूटरची किल्ली. "सोमवार मी म्हटलं होतं, मंदाताई. ह्यांनी नाही. ह्यांनी ते लिहून ठेवलं होतं."

मंदाताईंनी हात पुढे केला.

"कुठे लिहिलंय? दाखव."

"गेलं ते. काढून टाकलं लोकांनी."

"मग नाहीच लिहिलेलं." मंदाताईंचा आवाज एकदम चढला. "तो असलं काही लिहिणारा होता का? आपल्या घरचं गाण्याखाली जाऊन परक्यांना सांगेल? दुःखाने तुझं डोकं फिरलंय, शामला. एवढे दिवस एकटी राहतेस, होतं असं."

"मंदाताई, मला आठवतंय."

"तेव्हाही तुला आठवतच होतं!"

बाहेर सून भांडी घासत होती, ती थांबली. मंदाताईंनी पदर तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मग त्या इतक्या हळू बोलल्या की शामलाला पुढे वाकावं लागलं.

"नऊ दिवाळ्या मी त्याला ओवाळलं नाही. दरवर्षी यायचा तो. खाली दारात उभा राहायचा, मी वरून सांगायचे, म्हणावं झोपलीय. आता मला तू हे सांगतेस? या वयात मी हे घेऊन कुठे जाऊ? नको सांगूस. त्यानेच म्हटलं होतं सोमवार. त्यानेच म्हटलं होतं. जा तू."

शामला उठली. वाटेत भाजीवाल्याने हाक मारली, ती थांबली नाही. तिला वाटलं होतं की आपण कबूल करू, बोलणी खाऊ, आणि त्यानंतर काहीतरी होईल. कुणी थुंकेल तोंडावर, कुणी जवळ घेईल. पण तिचा गुन्हासुद्धा कुणाला नको होता. ज्याला सांगायचा तो एकच माणूस होता आणि त्याला ते आधीपासून माहीत होतं.

घरी येऊन तिने तेच गाणं पुन्हा शोधलं. दुसऱ्या कुणीतरी टाकलेलं होतं, खाली परकीच माणसं, हसणारी, वाद घालणारी. तिने पहिल्यांदाच आवाज बंद न करता ते शेवटपर्यंत ऐकलं. पियानो, आरडाओरडा, टाळ्या. यात बापलेकींना काय सापडायचं ते तिला या वेळीही कळलं नाही. तिने दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मधुसूदनची वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. डावा पाय आठवला, कणीक आठवली. बाकीचं इंग्रजीत होतं की फोनच्या हिंदीत, त्याचं किती आणि आपलं किती, हे आताच वेगळं करता येईना.

मग तिने खाली मराठीत लिहिलं, "सोमवारपर्यंत थांबू असं मी म्हणाले होते. अवंतिकाच्या बाबांनी नाही." आणि नाव घातलं, पूर्ण.

मंगळवारी त्याला एक अंगठा मिळाला होता, आणि खाली एकाने हिंदीत विचारलं होतं, ये कौन सी भाषा है.