डोळे मिटून केलेली दाढी

बाबांचा उजवा हात गेला त्याला सात महिने झाले. गेला म्हणजे आहे तिथंच, खांद्याला लटकलेला, पण कामातून गेला. अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवत होते. वस्तरा नव्हता हे नशीब. तेव्हापासून दुकानातली त्यांची खुर्ची रिकामी आणि माझ्या खुर्चीमागे दिवसभर मी एकटा.

मग व्यायामवाली यायला लागली. दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा यायची. पोरगी जेमतेम पंचविशीची, पण बाबा तिचं गुमान ऐकायचे. तिनं आधी बोटं वळवून घेतली, चेंडू दाबायला दिला आणि एक दिवस म्हणाली, आता हात मांडीवर ठेवा, डोळे मिटा आणि मनात एक दाढी करा. घ्या! मनातले मांडे खायचे तेवढेच राहिले होते. मी तसं बोललोही.

तिला राग आला नाही. हात हलला नाही तरी हात हलवणारा मेंदूचा भाग जागा होतो, मोठमोठे खेळाडूही स्पर्धेआधी हेच करतात, असं तिनं समजावलं. तिच्या अटी मात्र कडक. दुरून बघायचं नाही, आतून करायचं. वस्तऱ्याचं वजन हाताला लागलं पाहिजे, फेस गार लागला पाहिजे, आणि खऱ्या दाढीला लागतो तेवढाच वेळ लागला पाहिजे. चेहराही असा घ्यायचा, ज्याचे खाचखळगे बोटांना पाठ आहेत. बाबांनी थोडा विचार केला आणि आहे एक, एवढंच म्हणाले.

मी धरून चाललो की पोस्टमास्तर असणार. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. रोज दुपारी मी मोबाइलवर वेळ लावायचो आणि बाबा आपल्या खुर्चीत डोळे मिटून पुटपुटायचे, "मान वर." मग थोड्या वेळानं, "इथं हळू." दर वेळी अकरा मिनिटं. पोस्टमास्तरांची दाढी सहा मिनिटांत होते. त्या म्हाताऱ्याचे एवढे लाड कशाला, असं वाटून मी आपला टॉवेल झटकत बसायचो.

इथं दादाचं सांगायला हवं. माझा थोरला भाऊ. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकल घसरली आणि जागच्या जागी गेला. दर रविवारी दुकान उघडायच्या आधी बाबा त्याची दाढी करायचे. लहानपणी सायकलवरून पडून हनुवटीखाली टाके पडले होते, तिथली कातडी उंच झालेली. म्हणून बाबा दुसऱ्या कुणाला त्याच्या गालाला पातं लावू द्यायचे नाहीत, मलासुद्धा नाही. माझी दाढी मी सतराव्या वर्षापासून माझी मीच करतो. मला त्यांनी कधी बसवलं नाही, मीही मागितलं नाही. खोटं कशाला बोलू, राग होता.

हळूहळू बोटं धरायला लागली. ब्रश फिरला. गेल्या आठवड्यात व्यायामवाली म्हणाली, आता खरी दाढी करून बघा, कुणाला तरी बसवा. गिऱ्हाईक कोण बसणार? मी बसलो. वयाच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बापाच्या खुर्चीत.

नवं पातं घातलं. डोळे तेवढे उघडे ठेवा, असं मी गमतीनं म्हटलं. व्यायामवाली हसली, बाबा हसले नाहीत. हात थरथरत होता, पण वस्तरा गालाला टेकला आणि थरथर थांबली. एक गाल झाला, दुसरा झाला. त्यांची डावी बोटं माझी कातडी ताणत होती. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"मान वर," बाबा म्हणाले.

वस्तरा गळ्यावरून वर आला आणि हनुवटीखाली थांबला. उचलला गेला. मग बारीक बारीक हात मारत एका जागेला वळसा घालून गेला. "इथं हळू," ते स्वतःशीच म्हणाले. माझी हनुवटी साफ आहे. तिथं काहीच नाही.

आरशात बघितलं तर नाण्याएवढ्या जागेवर केस राहिले होते. बाबाही तिथंच बघत होते. तेवढं राहिलं, तेही काढा, असं व्यायामवाली म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक. बाबांनी वस्तरा जवळ नेला आणि इतका वेळ स्थिर असलेला हात पुन्हा थरथरायला लागला.

"तुझं मला काहीच माहीत नाही रे," ते म्हणाले. "कुठं काय आहे ते."

व्यायामवाली खुशीत होती. हात कामाला लागला, आता डोळे मिटून करायची गरज नाही, ते बंद करू, असं तिनं सांगितलं.

"बंदच करायचं?" बाबांनी विचारलं. एवढ्या खालच्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"एवढ्यात नको," मी म्हणालो. "हनुवटीपाशी चुकतंय त्यांचं. आणखी महिनाभर चालू द्या."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि बरं म्हणाली. मी तोंड धुतलं, तुरटी फिरवली. केस तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोबाइलवर वेळ लावली आणि शेजारच्या खुर्चीत बसलो. बाबांनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ नुसतेच हलत होते.

"मान वर," ते म्हणाले.

माझी मान आपोआप वर गेली. त्यांना ते दिसलं नाही.